सहा प्रजासत्ताके आणि एक पक्ष

जुन्या नकाशात इटलीच्या समोर, एड्रियाटिक समुद्राच्या काठाने ग्रीसच्या सीमेपर्यंत पसरलेला एक देश दिसतो. युगोस्लाव्हिया हे त्याचे नाव. ‘युग’ म्हणजे दक्षिण. तेव्हा दक्षिणेकडील स्लाव्ह लोकांचा देश, असा त्याचा अर्थ. आजच्या नकाशात हे नाव नाही. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्जेगोव्हिना, सर्बिया, मॉन्टेनिग्रो आणि उत्तर मॅसिडोनिया असे सहा देश त्या जागी आहेत. सातवा कोसोवो, पण त्याच्या स्वातंत्र्याला भारतासह अनेक देशांनी मान्यता दिलेली नाही. १९१८ ते १९९२, म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात, हे राज्य दोनदा जन्मले आणि दोनदा मोडले. त्यांतील दुसरा जन्म कम्युनिस्टांच्या हातून झाला. आपणांस विचार करावयाचा आहे तो मुख्यतः या दुसऱ्या राज्याचा.

हे राज्य का मोडले, असे विचारले की एक ठरीव उत्तर मिळते. बाल्कनातील माणसे शतकानुशतके परस्परांची वैरी. टिटोंच्या पोलादी मुठीने त्यांना पस्तीस वर्षे आवळून धरले. मूठ सुटली आणि जुने वैर उफाळून आले. उत्तर सुटसुटीत आहे, म्हणूनच ते लोकप्रिय झाले. पण त्याला एक साधा आकडा आडवा येतो. तेथील खानेसुमारीत प्रत्येकाला आपले राष्ट्रीयत्व नोंदविता येई : सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मुसलमान इत्यादी. १९७१ साली सुमारे २ लाख ७३ हजार लोकांनी यांपैकी काहीच न सांगता ‘युगोस्लाव्ह’ एवढेच सांगितले. टिटो १९८० साली वारले. पुढच्याच वर्षीच्या खानेसुमारीत असे सांगणाऱ्यांची संख्या १२ लाखांवर गेली. वैर जर खरोखरच दबा धरून बसले होते, तर मूठ सुटताच हा उलटा ओघ का दिसावा? आणि तसा तो दिसला, तर दहा वर्षांत त्याच देशात तोफा का धडधडाव्या?

आमच्या मते या कोड्याचे उत्तर राज्याच्या रचनेत आहे. या राज्याने आपल्या प्रत्येक राष्ट्राला घर दिले, सीमा दिली, खुर्ची दिली. परंतु साऱ्या देशाचा नागरिक म्हणून बोलण्यास माणसाला जागाच ठेवली नाही. ती जागा पक्षाने व्यापली होती. पक्ष कोसळला तेव्हा बोलण्यास एकच व्यासपीठ उरले, आपापल्या राष्ट्राचे. हे कसे घडत गेले ते क्रमाने पाहू.

प्रथम ‘शतकांच्या वैरा’विषयी. सर्ब, क्रोएट, बोस्नियातील मुसलमान आणि मॉन्टेनिग्रोचे लोक यांची बोली इतकी जवळची की बेलग्रेडच्या माणसाला झाग्रेबात दुभाषी लागत नाही. भेद होता तो धर्माचा, लिपीचा आणि इतिहासाचा. क्रोएट व स्लोव्हेन कॅथलिक, रोमन लिपीत लिहिणारे, शतकांपासून ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे प्रजाजन. सर्ब पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाचे, सिरिलिक लिपी वापरणारे, तुर्की सुलतानाशी झगडून स्वतंत्र झालेले. तुर्की अमलात मुसलमान झालेले स्लाव्ह बोस्नियात. स्लोव्हेन व मॅसिडोनियन यांच्या भाषा निराळ्या, आणि कोसोवोतील अल्बेनियन तर स्लाव्हच नव्हेत. ही सारी मंडळी एका राज्यात प्रथम आली ती १ डिसेंबर १९१८ रोजी, सर्बियाच्या राजघराण्याखाली. तोवर त्यांचा एक संसार नव्हता. मग भाऊबंदकी कोठून असणार?

संसार सुरू झाला आणि भांडणही सुरू झाले. सर्बांना हे आपल्या राज्याचा विस्तार वाटे, क्रोएटांना ते बरोबरीच्या भागीदारांचे राज्य हवे होते. कारभार मात्र बेलग्रेडहून चाले. १९२८ साली क्रोएट शेतकरी पक्षाचे पुढारी स्टेपान राडिच यांच्यावर भर संसदेत एका सभासदाने गोळ्या झाडल्या. त्या जखमांनी ते वारले. १९२९ च्या जानेवारीत राजा अलेक्झांडर याने संसदच मोडीत काढली आणि त्याच वर्षी देशाला ‘युगोस्लाव्हिया’ हे नाव दिले. नाव एकीचे, पण हुकुमाने दिलेले. १९३४ साली मार्सेय येथे राजाचाही खून झाला.

खरी जखम झाली ती यानंतर. ६ एप्रिल १९४१ रोजी जर्मनीने बेलग्रेडवर बाँब टाकले आणि अकरा दिवसांत राज्य शरण गेले. हिटलर व मुसोलिनी यांच्या आश्रयाने क्रोएशियात उस्ताशा पक्षाची सत्ता आली. तिने सर्ब, ज्यू व जिप्सी यांची कत्तल आरंभिली. यासेनोवाच येथील छावणी त्या क्रौर्याची खूण म्हणून राहिली आहे. उलट बाजूस चेटनिक म्हणविणाऱ्या सर्ब टोळ्यांनी मुसलमान व क्रोएट गावे जाळली. चार वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली, असा पुढील संशोधकांचा हिशेब आहे. आणि त्यांतील पुष्कळशी परक्यांच्या नव्हे, आपल्याच देशबांधवांच्या हातून. वैर होते ते हे. त्याचे वय शतकांचे नव्हते.

या वणव्यात एकच सेना अशी होती की जिच्यात कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला प्रवेश होता. ती कम्युनिस्टांची पार्टिझन सेना. तिचे सेनापती जोसिप ब्रॉझ ऊर्फ टिटो, धंद्याने कुलपे व यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर. वडील क्रोएट, आई स्लोव्हेन. २९ नोव्हेंबर १९४३ रोजी बोस्नियातील यायत्से या गावी पार्टिझनांच्या प्रतिनिधींनी ठराव केला की पुढील राज्य संघराज्य असेल आणि त्यात कोणतेही राष्ट्र दुसऱ्याचे अंकित असणार नाही. मरणाच्या छायेत दिलेले हे वचन लोकांनी खरे मानले. टिटोंच्या राज्याचा पाया केवळ बंदुकीचा नव्हता, हे विसरून चालणार नाही. १९४५ साली राज्य स्थापन झाले ते सहा प्रजासत्ताकांचे, आणि सर्बियाच्या पोटात व्होइव्होदिना व कोसोवो हे दोन स्वायत्त प्रदेश. ‘बंधुभाव आणि ऐक्य’ हे त्याचे घोषवाक्य.

नवे राज्य आरंभी स्टालिनच्या कित्त्यावरच लिहिले गेले होते. विरोधी पक्ष नाहीसे झाले, कारखाने सरकारजमा झाले. परंतु टिटोंनी आपली सत्ता मॉस्कोच्या सैन्याच्या जिवावर मिळविलेली नव्हती. तेव्हा हुकूम ऐकण्याची सवयही त्यांना नव्हती. २८ जून १९४८ रोजी कम्युनिस्ट देशांच्या संघटनेतून युगोस्लाव्हियाची हकालपट्टी झाली. शेजारच्या सीमांवर सैन्य हालू लागले. देश टिटोंच्या पाठीशी उभा राहिला, हे खरे. तसेच स्टालिनचे समर्थक म्हणून हजारो लोकांना गोली ओतोक नावाच्या उघड्याबोडक्या बेटावर डांबून त्यांचे हाल करण्यात आले, हेही खरे. पुढे १९५४ साली टिटोंचे निकटचे सहकारी मिलोव्हान जिलास यांनी पक्षातील नव्या मिरासदारांवर बोट ठेवले, तेव्हा त्यांनाही पदच्युत व्हावे लागले आणि नंतर तुरुंगात जावे लागले. राज्याने मॉस्कोला ‘नाही’ म्हटले; पण घरातल्या माणसाने म्हटलेले ‘नाही’ त्याला चालत नव्हते.

तथापि या फारकतीने देशाला पुष्कळ मिळाले. १९५० पासून कारखान्यांत कामगारांची व्यवस्थापक मंडळे आली. सक्तीची सामुदायिक शेती १९५३ च्या सुमारास सोडून देण्यात आली. पाश्चात्त्यांची कर्जे व मदत मिळाली आणि पुढे लाखो कामगार पश्चिम जर्मनीत जाऊन मार्क घरी पाठवू लागले. पूर्व युरोपातील इतर देशांचे लोक कुंपणात असता युगोस्लाव्ह माणूस पासपोर्ट खिशात घालून परदेशी जाऊ शके. भारताशी त्याचे नाते जुळले तेही याच काळात. १९५४ च्या अखेरीस टिटो भारतात आले. १९५६ च्या जुलैत ब्रिओनी बेटावर नेहरू, नासर व टिटो यांची भेट झाली. आणि १९६१ च्या सप्टेंबरात अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद २५ देशांच्या सहभागाने बेलग्रेडला भरली. दोन्ही गटांच्या मधोमध उभा असलेला हा लहानसा देश त्या वेळी आपल्या आकाराहून मोठा दिसत असे.

आता रचनेकडे वळू. या देशात कोणतेही एक राष्ट्र बहुसंख्य नव्हते. सर्वांत मोठे सर्ब, तेही सुमारे ३६ टक्के. अशा ठिकाणी संघराज्य हाच मार्ग, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की संघराज्याची गाठ कोठे मारावयाची? येथे ती पक्षात मारली होती. घटनेत सहा प्रजासत्ताके, पण साऱ्यांचा पक्ष एक, आणि पक्षाच्या शेंड्यावर टिटो. वाद झाला तर निकाल तेथे लागे. १९७१ साली क्रोएशियात परकीय चलन कोणी ठेवावयाचे, भाषेला कोणते नाव द्यावयाचे, अशा मागण्यांतून मोठी चळवळ उभी राहिली. टिटोंनी तेथील पुढाऱ्यांना काढून टाकले. पुढच्या वर्षी सर्बियातील उदारमतवादी पुढाऱ्यांचीही तीच गत झाली. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली : माणसे काढली, पण त्यांच्या मागण्यांतील पुष्कळसा भाग १९७४ च्या राज्यघटनेत घालण्यात आला.

ही घटना ४०६ कलमांची. तिचे शिल्पकार स्लोव्हेन पुढारी एडवर्ड कार्देल. संघराज्याच्या सभागृहात प्रत्येक प्रजासत्ताकाचे ३० प्रतिनिधी आणि प्रत्येक स्वायत्त प्रदेशाचे २०. मॉन्टेनिग्रोची वस्ती सहा लाखांहून कमी, तिला ३०. दोन्ही प्रदेश वगळून सर्बियाची सुमारे ५७ लाख, तिलाही ३०. हे प्रतिनिधी मतदारांनी सरळ निवडावयाचे नव्हते. पायरी पायरीने, पक्षाच्या नजरेखालून ते वर येत. महत्त्वाच्या बाबतींत सर्वांची संमती आवश्यक. टिटोंच्या पश्चात देशाचे प्रमुखपद एका माणसाकडे नसून आठ जागांच्या अध्यक्षमंडळाकडे, आणि अध्यक्ष दरसाल पाळीपाळीने. लहानाला मोठ्याने गिळू नये, हा हेतू चांगला होता. पण अधिकार मिळाले ते कोणाला? प्रजासत्ताकांतील पक्षश्रेष्ठींना. एकाच पक्षाचे हळूहळू आठ पक्ष झाले, आणि नागरिकाचे मत पूर्वीइतकेच निरुपयोगी राहिले.

पैसा होता तोवर हे निभले. टिटो गेले तेव्हा देशावर सुमारे २० अब्ज डॉलरांचे परदेशी कर्ज होते. व्याजाचे दर चढले, नवी कर्जे आटली. पेट्रोलला कुपने आली, कॉफी व साबणाची पूड दुकानांतून नाहीशी झाली, विजेचा पुरवठा आळीपाळीने बंद होऊ लागला. देशातील विषमताही वाढली होती. युद्धानंतर स्लोव्हेनियातील माणसाचे सरासरी उत्पन्न कोसोवोतील माणसाच्या तिपटी-चौपटीच्या आसपास होते. १९८० नंतरच्या दशकाअखेर ते सात-आठ पटींवर गेले. स्लोव्हेन म्हणे, आमचे पैसे दक्षिणेच्या खड्ड्यात जातात. कोसोवोचा अल्बेनियन म्हणे, आमचा कच्चा माल स्वस्तात नेऊन पक्का माल महाग विकता. सर्ब म्हणे, आमच्या प्रजासत्ताकाचेच तीन तुकडे का? प्रत्येकाच्या म्हणण्यात काही तथ्य होते. कोणाच्याच म्हणण्याचा निवाडा करणारे ठिकाण नव्हते.

या काळातील एक प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो. क्रोएशियात डॅन्यूबच्या काठी वुकोव्हार हे गाव, आणि तेथे बोरोवो नावाचा पादत्राणांचा प्रचंड कारखाना. कामगार सर्ब, क्रोएट आणि इतरही. पगार पुरेनात म्हणून १९८८ च्या उन्हाळ्यात ते हजारोंच्या संख्येने बेलग्रेडला गेले आणि थेट संघराज्याच्या संसदेत शिरले. ते कोणत्या राष्ट्राचे म्हणून गेले नव्हते. साऱ्या देशाच्या सरकारकडे देशाचे कामगार म्हणून गेले होते. पण त्या संसदेत त्यांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता, आणि पुढील निवडणुकीत पाडावा असाही कोणी नव्हता. दार होते, पण दाराआड उत्तरदायी कोणीच नव्हते. तीन वर्षांनी, १९९१ च्या नोव्हेंबरात, हेच वुकोव्हार तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर बेचिराख झाले, आणि एके काळी एकाच कारखान्यात काम करणारी माणसे परस्परांवर बंदुका रोखून उभी होती.

लोकांच्या रागाला वाट हवी होती. ती दाखविणारे पुढारी निघाले. सर्बियात स्लोबोदान मिलोशेविच यांनी १९८७ साली कोसोवोतील सर्बांचे गाऱ्हाणे हाती घेतले. मोर्चे व सभांच्या जोरावर व्होइव्होदिना व मॉन्टेनिग्रो येथील पुढारी त्यांनी पाडले, आणि १९८९ च्या मार्चमध्ये कोसोवोची स्वायत्तता हिरावून घेतली. अध्यक्षमंडळातील आठांपैकी चार मते आता एका माणसाच्या हाती होती. लहानांच्या रक्षणासाठी केलेली घटना तिच्याच नियमांनी निकामी झाली. स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांना बाहेरची वाट जवळची वाटू लागली, यात नवल ते काय? १९९० च्या जानेवारीत पक्षाचे चौदावे अधिवेशन भरले. स्लोव्हेन प्रतिनिधी उठून गेले, त्यांच्यामागे क्रोएट गेले. राज्याची गाठ जेथे मारली होती, तेथेच ती सुटली.

तरीही एक शेवटची संधी होती. १९८९ पासून पंतप्रधान असलेले अँटे मार्कोविच, मूळचे बोस्नियातील क्रोएट, पण भाषा साऱ्या देशाची. महागाईचा दर साली हजार टक्क्यांच्या पलीकडे गेला असता त्यांनी १९९० च्या आरंभी दहा हजार जुन्या दिनारांचा एक नवा दिनार केला, त्याचा भाव सात दिनारांना एक जर्मन मार्क असा बांधला, आणि काही महिन्यांत महागाई खाली आणली. लोकांत त्यांचे नाव झाले. पण त्यांना मत द्यावयाचे कोठे? त्या वर्षी एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत सहाही प्रजासत्ताकांत बहुपक्षीय निवडणुका झाल्या. साऱ्या देशाची निवडणूक झाली नाही. ती पुढे कधीच झाली नाही. मार्कोविच यांनी जुलैत स्वतःचा पक्ष काढला तेव्हा स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांचे मतदान उरकलेले होते.

येथे स्पेनचे उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. फ्रँकोच्या मृत्यूनंतर तेथेही बास्क व कॅटलान लोकांचा प्रश्न पेटलेला होता. पण तेथे १९७७ साली प्रथम साऱ्या देशाची निवडणूक झाली, १९७८ साली साऱ्या देशाने घटनेवर मत दिले, आणि प्रदेशांच्या निवडणुका १९८० साली झाल्या. त्यामुळे भांडणाला देशव्यापी पक्ष मिळाले आणि एक सभागृह मिळाले. युगोस्लाव्हियात क्रम उलटा झाला. तेथे लोकशाहीचे पहिले मत माणसाने दिले ते सर्ब म्हणून, क्रोएट म्हणून, मुसलमान म्हणून. बोस्नियात तर निकाल जवळजवळ खानेसुमारीप्रमाणे लागला. देशव्यापी निवडणूक झाली असती तर राज्य वाचलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु वाचवावे की सामोपचाराने वाटून घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार असलेले कोणी तरी अस्तित्वात आले असते.

पुढील हकीकत रक्ताची आहे. २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य घोषित केले. स्लोव्हेनियातील चकमक दहा दिवसांत संपली आणि तिचा करार ७ जुलै रोजी झाला तो ब्रिओनी बेटावर, जेथे पस्तीस वर्षांपूर्वी नेहरू आणि नासर टिटोंचे पाहुणे होते. क्रोएशियात मात्र घनघोर युद्ध पेटले. तेथे १९९२ साली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गेली; तिचे पहिले सेनापती भारताचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नांबियार. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये युद्ध बोस्नियात पसरले. १९८४ साली हिवाळी ऑलिंपिक जेथे भरले होते त्या सारायेव्होला जवळजवळ चार वर्षे वेढा पडला. १९९५ च्या जुलैत स्रेब्रेनित्सा येथे बोस्नियन सर्ब सैन्याने आठ हजारांवर मुसलमान पुरुष व मुलगे ठार केले. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी या कृत्याला वंशसंहार ठरविले आहे. त्या वर्षाअखेर डेटन येथे तह झाला तेव्हा बोस्नियात सुमारे एक लाख माणसे मेलेली होती आणि निम्मी लोकसंख्या घराबाहेर होती. कोसोवोचे युद्ध आणि १९९९ ची नाटोची बाँबफेक हे त्याचेच पुढचे प्रकरण. या अत्याचारांचा दोष राज्यघटनेवर ढकलता येणार नाही. ज्यांनी ते आज्ञापिले आणि ज्यांनी ते केले, त्यांचाच तो. घटनेचा दोष एवढाच की अशा माणसांना अडविणारे काहीच तिने उभे केले नव्हते.

युगोस्लाव्हियाच्या इतिहासात दोन्ही टोके आजमावून झाली. राजाच्या अमदानीत सारी सत्ता बेलग्रेडला एकवटून पाहिली; राज्य फुटले. टिटोंच्या उत्तरकाळात सारी सत्ता वाटून पाहिली. तरी ते फुटले. पहिल्या खेपेस वेगळे म्हणणे मांडणाऱ्याला देशद्रोही ठरविले. दुसऱ्या खेपेस प्रत्येक राष्ट्राचे म्हणणे मांडण्याची सोय केली, पण एकत्र राहू इच्छिणाऱ्याचे म्हणणे मांडण्याची सोय केली नाही. १९८१ साली आपले राष्ट्र ‘युगोस्लाव्ह’ सांगणारे ते बारा लाख लोक होते तरी कोण? मिश्र विवाहांची मुले, मोठ्या शहरांतील तरुण, सैन्यातील माणसे. त्या राज्याने अल्बेनियनांपासून मॉन्टेनिग्रोच्या लोकांपर्यंत सर्वांना मोजून जागा दिल्या. या बारा लाखांना मात्र त्या सभागृहात एकही खुर्ची नव्हती. आणि राज्य बुडू लागले तेव्हा ते वाचवा म्हणणारे मत घालण्यास पेटीही नव्हती.